चालू मशीनची पूजा होत नाही

‘हे मशीन बंद करू नये’ असं ठळक अक्षरांत लिहून अमोल गावंडेने कम्प्युटरवर चिकटवलेली चिठ्ठी दसऱ्याच्या सकाळी त्याला नारळाखाली सापडली. नारळ कम्प्युटरच्या डोक्यावर होता. पडद्याला झेंडूचा हार होता, सीडी घालायच्या कप्प्यावर कुंकवाचं स्वस्तिक होतं, माउसलाही हळदीचं बोट लागलं होतं. आणि मशीन बंद होतं.

“दिवाणजी, हे कोनं बंद केलं?”

“म्या केलं,” सूर्यभानजी दिवाणजी अभिमानाने म्हणाले. त्यांची या कापसाच्या जिनिंगमध्ये बत्तीस वर्षं नोकरी झाली होती. “काल खांडेनवमी होती ना बाबू. साऱ्या औजाराची पूजा झाली.”

“पन म्या चिठ्ठी लावली होती ना!”

“वाचली की. म्हनून तं नारयाखाली ठेवली, उडून जाईन म्हनून.”

“बंद करू नये असं लिवलं होतं त्याच्यावर!”

“अरे, चालू मशीनची पूजा होत नाही,” दिवाणजी समजुतीच्या सुरात म्हणाले. “पोयाले बैल वखराले जुतून पुजतो का आपन? सोडूनच पुजतो ना? तुहा कम्प्युटर तं वर्षभर जुतलेलाच हाय. जरासाक आराम भेटला त्याले, पुण्य लागलं तुले.”

ते मशीन तीनशे त्रेपन्न दिवस एकदाही बंद न पडता चाललं होतं, आणि आज नेमका वजनाच्या काट्याचा मुहूर्त होता.

चांदूर बाजारच्या रस्त्यावरच्या या जिनिंगमध्ये दरवर्षी दसऱ्याला काटापूजन होऊन कापसाची खरेदी सुरू होई. पहिल्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, मालकाला शेठजी टोपी, शेला आणि श्रीफळ देत. पूर्वी वजनाच्या पावत्या दिवाणजी पेनाने लिहीत. पण दोन वर्षांपूर्वी एका पावतीवरच्या सहाचा शून्य झाला की शून्याचा सहा, यावरून दगडफेक झाली, आणि तेव्हापासून कास्तकारांनी ठणकावून सांगितलं होतं की पावती कम्प्युटरचीच पाहिजे, पेनाचा आकडा चालणार नाही. मग कम्प्युटर आला. त्यात ट्रक ड्रायव्हरांच्या गाण्यांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला, आणि ऐन हंगामात कम्प्युटरने आठ दिवस मान टाकली.

तेव्हा अमोल पुढे झाला. बी.एस्सी. करून अमरावतीला राजापेठेतल्या एका क्लासमध्ये तो लिनक्स शिकला होता. ही सिस्टिम फुकट मिळते, तिला व्हायरस लागत नाही आणि ती कधीच बंद पडत नाही, असं त्याने शेठजींना सांगितलं. तिन्हींपैकी पहिली गोष्ट शेठजींना फार आवडली. फुकट ते पौष्टिक. अमोलने लिनक्स चढवलं, काट्याची तार कम्प्युटरला जोडली आणि पावतीचा प्रोग्राम स्वतः लिहिला. या वर्षी तर त्याने त्यात भोंगाही घातला होता. पावतीवरची फिकट अक्षरं म्हाताऱ्यांना दिसत नाहीत, म्हणून वजन झालं की प्रोग्राम शेतकऱ्याचं नाव, गाव आणि निव्वळ कापूस अख्ख्या आवाराला मोठ्याने ऐकवणार होता. आकडे आणि नंबर लावलेल्यांची नावं-गावं क्लासच्या रागिणी मॅडमच्या स्वच्छ आवाजात भरून घेतले होते.

अमोल अजून रोजंदारीवर होता. शेठजींनी सांगून ठेवलं होतं, “दसऱ्याचा काटा नीट झाला तर तू कायम. नाही झाला तर तू आणि तुझी ती फुकटची सिस्टिम, दोघंही घरी.”

घरी म्हणजे बोरखेडीला, काळ्या रानात, जिथून त्या वर्षांत जो तो बाहेर पडायला बघत होता. ज्याच्या पोराला नोकरी नाही त्याच्या दारात सोयरीक येत नव्हती. त्यामुळे अमोलचे वडील पंजाबराव चार दिवस आधीपासून हिंडून पहिला नंबर लावून बसले होते. लेकाच्या कम्प्युटरवर मुहूर्ताचं वजन बापाच्या बंडीचं व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती. नवमीला लेकाला गावी बोलावून घेऊन, दसऱ्याच्या पहाटे तीनला त्याच्यासह बंडी घेऊन ते निघाले आणि सगळ्यांच्या आधी पोचले होते. लेक इथे नसताना दिवाणजींना पूजेला मोकळं रान मिळालं ते असं. आता पंजाबरावांची बंडी काट्यासमोर उभी होती, आणि तिच्यामागे रस्त्यापर्यंत बत्तीस बंड्या.

अमोलने हार काढला, कुंकू पुसलं आणि बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजी ओळी सरसर वर गेल्या आणि एका ओळीवर थांबल्या. तिचा अर्थ असा होता की ही डिस्क तपासून तीनशे त्रेपन्न दिवस झाले असून आता ती तपासल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. खाली टक्के दिसू लागले. एक टक्का.

बंद न पडणाऱ्या मशीनची हीच गोम असते. चालू असेपर्यंत त्याला स्वतःला तपासायची सवड नसते, आणि बंद करून चालू केलं की ते वर्षभराचा हिशेब एकदम मागतं. ही तपासणी मधेच सोडून देता येते हे अमोलला ठाऊक होतं. पण गेल्या वर्षीच्या सगळ्या पावत्या त्याच डिस्कवर होत्या, मुहूर्त दहाचा होता, आणि आता कुठे साडेआठ वाजले होते. होऊ दे तपासणी, असं त्याने ठरवलं. शहाण्या माणसाचं वाटोळं असल्याच निर्णयांनी होतं.

“काहो, चालू झाला का कम्प्युटर?” खिडकीतून पुंजारामने डोकं घातलं. त्याची बंडी दुसऱ्या नंबरवर होती.

“होऊन राहिला. दहा टक्के झाला.”

“मंग दहा टक्क्यात एक बंडी तं मोज!”

दहाला शेठजी आले, भटजी आले, काट्यावर नारळ फुटला. पडद्यावर बाहत्तर टक्के होते. आणि दहा वाजून दोन मिनिटांनी लाइन गेली. भारनियमनाने त्या वर्षी दुसरं काही नाही तरी वेळ पाळली होती.

यूपीएस पाच मिनिटं टिकायचा. एरवी तेवढ्यात शफीभाई मेकॅनिक ऑफिसचा छोटा जनरेटर चालू करी. तीनशे त्रेपन्न दिवसांतलं निम्मं श्रेय त्याचंच होतं. अमोल धावत जनरेटरपाशी गेला. शफीभाई जनरेटरसमोर स्टुलावर शांत बसला होता.

“शफीभाई, चालू करा ना! पाच मिंटं हायेत!”

“कसा चालू करू? दिवाणजीनं पूजेसाठी बॅटरीच्या तारा सोडाले लावल्या. आता कसाले तेरा नंबरचा पाना लागते.”

“मंग घ्या ना पाना!”

शफीभाईने नुसतं बोट दाखवलं. ऑफिसच्या कोपऱ्यात पाटावर सगळे पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, हातोडे ओळीने मांडले होते. त्यांच्यावर हळद, कुंकू, आपट्याची पानं आणि पुढे विझायला आलेली उदबत्ती.

“संध्याकाळी सोनं लुटल्याबिगर औजार उठत नाही,” दिवाणजी पाटाला पाठ देऊन बसले होते ते तिथूनच म्हणाले. “बत्तीस वर्षाचा रिवाज हाय.”

“मंग कम्प्युटर कसा उठवला?”

“कम्प्युटर काट्याचा भाग हाय. काटा मुहूर्ताचा हाय. जनरेटर कुठं काट्याचा भाग हाय?”

अमोलने शेठजींकडे पाहिलं. शेठजी धर्माच्या बाबतीत दिवाणजींना आणि कम्प्युटरच्या बाबतीत अमोलला विचारत. हा विषय नेमका कोणत्या खात्यात येतो हे न कळल्याने ते भटजींकडे पाहू लागले. भटजींना पुढे आणखी तीन जिनिंग करायची होती. “आज अख्खा दिवसच मुहूर्त आहे,” असं म्हणून त्यांनी दक्षिणा घेतली आणि मोटारसायकलला किक मारली.

“शफीभाई, तुमी तरी उचला!” अमोल काकुळतीने म्हणाला. “तुमाले काय हाय त्याचं?”

“वा रे बाबू!” शफीभाई दुखावला. “एकवीस साल झाले मले इथं. पाने माहे, पूजा दिवाणजीची. ते रमजानमध्ये माह्यासमोर पानी पेत नाहीत, अन् मी त्यायचा पाट मोडू? तौबा.”

आत यूपीएसने शेवटची शीळ घातली. पडदा काळा झाला तेव्हा एकोणऐंशी टक्के झाले होते.

आवारात तेरा नंबरचे पाने भरपूर असायला हवे होते. दोन ट्रॅक्टर होते, एक मेटाडोर होती. अमोल प्रत्येकाकडे जाऊन आला. प्रत्येकाने आपला पाना काल पुजला होता आणि घरी देवापुढे ठेवून आला होता. त्या दिवशी अख्ख्या वऱ्हाडात एकही पाना कामावर नव्हता. शेवटी शफीभाईलाच आठवलं की त्याचा मेहुणा अजहर याचं चांदूर बाजारात सायकल-पंक्चरचं दुकान आहे. “त्याचे पाने कोनी पुजत नाही बिचाऱ्याचे,” असं म्हणत तो सायकलवर बसला. जायला-यायला आणि मेहुण्याकडचा चहा नाकारायला दीड तास लागला.

या दीड तासात ऊन चढलं आणि लाइनीतल्या माणसांचं डोकंही. खिडकीच्या आत अमोल बंद पडद्यासमोर बसून होता. बाहेरचं सगळं त्याला ऐकू येत होतं.

“पेनानं लिवून मोकळं करा ना,” कोणीतरी म्हणालं.

“पेनानं नाही!” दहा जण एकदम ओरडले. “पावती कम्प्युटरचीच पायजे!”

मग गप्पा सुरू झाल्या. वेळ घालवायला कास्तकार एकच विषय बोलतो, तो म्हणजे पिकाचा उतारा. त्या वर्षी पाऊस आधी आलाच नाही आणि मग थांबला नाही. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उभ्या जागी लाल पडली होती. रस्त्याने येताना प्रत्येकाने दुसऱ्याचं लाल पडलेलं वावर पाहिलं होतं. तरीही पुंजाराम म्हणाला, “आपलं काही नाही बा, पयल्याच वेच्याले चौदा क्विंटल निंगाला.” मागचा म्हणाला, त्याला अकरा झाला. त्याच्या मागच्याने साडेतेरा सांगितला.

“पंजाबराव, तुमाले किती?”

“बारा,” पंजाबराव म्हणाले. “बारा म्हनजे, बाराच्या वरच.”

“बंडी तं भरलेली दिसते.”

“दाबून भरली.”

मग पुन्हा सगळ्यांची नजर बंद खिडकीकडे वळली. “थो आत बसला हाय थो पोट्टा कोनाचा हाय बे?” पुंजारामने विचारलं. तो लांबच्या गावाहून आला होता, इथली माणसं त्याला माहीत नव्हती. “सकायपासून टक्के मोजून राहिला. कापूस मोजता येत नाही त्याले, टक्के मोजते!”

“बापानं याच्यासाठी शिकवला असंन का?” दुसरा म्हणाला.

“बाप असाच असंन अर्धवट.”

मोठा हशा पिकला. अमोलला ओळखणारं बोरखेडीचं कोणी लाइनीत नव्हतं. होते फक्त पंजाबराव. ते बैलाच्या मानेवरची गोमाशी हाकलत होते.

“तुमाले मालूम हाय का हो, कोनाचा हाय?” पुंजारामने त्यांनाच विचारलं.

“का मालूम,” पंजाबराव म्हणाले. “अमरावतीकडचा असंन कोनी.”

अमोलला फार वाईट वाटलं. राग येत नव्हता, कारण बापाच्या जागी तो असता तर त्याने अकोल्याकडचा म्हणून सांगितलं असतं.

बाराला जनरेटर धडधडला. कम्प्युटर पुन्हा चालू झाला, आणि तपासणी पुन्हा एका टक्क्यापासून सुरू झाली. आता ती मधेच सोडायची अमोलची छाती नव्हती. अर्धवट तपासणीत लाइन गेलेली डिस्क म्हणजे अर्धी शिवलेली जखम. तो टक्के बघत राहिला. शेठजी दर दहा मिनिटांनी येऊन विचारत, “किती?” आणि आकडा ऐकून घड्याळ बघत जात.

पावणेदोनला शंभर टक्के झाले. अमोलने आपलं नाव, पासवर्ड टाकला, प्रोग्राम चालू केला आणि खिडकीतून हात केला. आवारात शिट्ट्या वाजल्या. पंजाबरावांची बंडी काट्यावर चढली. पडद्यावर वजनाच्या जागी आलं: दोन प्रश्नचिन्हं, एक उलटा स्वल्पविराम, एक चौकोन आणि पुन्हा प्रश्नचिन्हं.

“किती भरली?” शेठजींनी विचारलं.

काटा ज्या वेगाने आकडे पाठवतो, त्याच वेगाने कम्प्युटरने ऐकायला हवं असतं, नाहीतर समोर नुसता कचरा येतो. गेल्या वर्षी तो वेग त्याने चालू मशीनला एका ओळीच्या हुकमाने सांगितला होता. मशीन सुरू होताना तो हुकूम आपोआप वाचला जावा म्हणून तो एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा असतो. ते उद्या करू, असं अमोलने तेव्हा ठरवलं होतं. मशीन बंदच पडलं नाही, त्यामुळे तो उद्याही आला नाही. तोंडी सांगितलेलं सगळं कम्प्युटर एका रात्रीत विसरला होता, आणि अमोल तर केव्हाच.

पण त्याने ते लिहिलं होतं! टेबलामागच्या भिंतीवर, पेन्सिलीने! तो टेबल ओढून मागे वाकला. भिंत पांढरीशुभ्र होती.

“परवाच चुना मारून घेतला,” दिवाणजी म्हणाले. “दसऱ्यासाठी. कसी वाटते?”

अमोलने खिळा उचलला आणि भिंत खरवडायला सुरुवात केली. दिवाणजींनी कपाळावर हात मारला. “अरे, सणाच्या दिवशी भिंत खरवडून राहिला! शेठजी, याले पाहा हो काय झालं!” चुन्याचा पहिला थर निघाला, मग गेल्या वर्षीचा हिरवट रंग दिसला, मग एका ठिकाणी पेन्सिलीचा सात दिसला. सातच्या पुढचं सगळं खिळ्याबरोबर पापुद्रा होऊन खाली पडलं.

बाहेर आता शिव्या उघड सुरू झाल्या होत्या. बैल काट्यावर उभे राहून कंटाळले होते, त्यातल्या एकाने काट्यावरच शेण टाकलं. शेठजी खिडकीशी आले. “अमोल, चार वाजेपर्यंत. मग हे डबडं मी रस्त्यावर ठेवतो.”

अमोल खाली बसला. रडू येत होतं, पण रडायलाही निवांतपणा लागतो. वेग चार प्रकारचे, बाकीच्या खुणा मिळून चोवीस शक्यता. हाताने एकेक करून पाहायला संध्याकाळ झाली असती. त्याने नऊ ओळींचा एक छोटा प्रोग्राम लिहिला: चोवीसही तऱ्हा एकामागून एक लाव, प्रत्येकीत काट्याचं बोलणं ऐक, आणि नुसते आकडे ऐकू आले की थांब. घाईत नऊ ओळींत चार चुका झाल्या. त्या काढल्या आणि हात जोडून बटण दाबलं. खरं तर हात दाबल्यानंतर जोडले. पहिली तऱ्हा, कचरा. पाचवी, कचरा. अकरावी, कचरा. सतराव्या तऱ्हेला पडद्यावर स्वच्छ आकडा उमटला, आणि बैलाने पाय हलवला तसा तोही जरासा हलला. अमोलने त्या हुकमाची ओळ सगळ्यात आधी फाइलमध्ये लिहिली. मग तो ओरडला, “आलं! आलं!”

भरल्या बंडीचं वजन झालं. बंडी गंजीच्या, म्हणजे कापसाच्या ढिगाच्या, जागी गेली, कापूस रिकामा झाला, रिकामी बंडी परत काट्यावर आली. शेठजींनी शेला, टोपी, श्रीफळ हातात घेतलं. सगळी लाइन काट्याभोवती जमली. भोंग्यात खरखर झाली आणि रागिणी मॅडमचा स्वच्छ आवाज आवारभर पसरला.

“पंजाबराव गावंडे. बोरखेडी. निव्वळ कापूस. पाच. क्विंटल. चाळीस. किलो.”

मग एकच कल्ला झाला.

“अबे, बारा क्विंटल होता त्यायचा! सात क्विंटल खाल्ला मशीननं!”

“पेनवाला शून्याचा सहा करे, हा तं बाराचे पाच करते!”

“फोडा थो डबा!”

“थांबा, पुन्हा घ्या वजन!” शफीभाई मधे पडला. “मशीन हाय, चुकू बी शकते.”

काट्यावर रिकामी बंडी पुन्हा आगेमागे झाली. भोंगा पुन्हा बोलला. “पाच. क्विंटल. चाळीस. किलो.” रागिणी मॅडमच्या आवाजात लाजलज्जा म्हणून नव्हती. पुंजारामने खाली वाकून दगड उचलला. शेठजींनी शेला घडी करून काखेत मारला आणि खिडकीकडे वळले. “अमोल, बाहेर ये. आणि येताना ते तुझं फुकटचं सोबत घेऊन ये.”

अमोल दारात आला. आकडा बरोबर आहे याची त्याला खात्री होती, आणि बापाने खोटं सांगितलं असेल हे मनात यायलाही तो तयार नव्हता. दोन्ही एकदम खरं कसं असेल हे त्याच्या कोणत्याही प्रोग्राममध्ये बसत नव्हतं. त्याने बापाकडे पाहिलं. पंजाबराव बैलाकडे पाहत होते.

“माहीच चूक असंन,” अमोल हळूच म्हणाला. “सेटिंग घाईत लावली. एखांदा आकडा सुटला असंन.”

“नाही सुटला,” पंजाबराव म्हणाले.

ते बंडीवर उभे राहिले. त्यांनी डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं. “मशीन बरोबर हाय. घरून मोजून आनला होता म्या. पाच क्विंटल अडतीस भरला होता. दोन किलो तं मशीननं जास्तच दिले.”

“मंग बारा काहून सांगतले?” पुंजाराम म्हणाला. दगड त्याच्या हातातच होता.

“काहून म्हनजे? पोट्ट्याची सोयरीक करायची हाय. रिधपूरचे पावने येनार हायेत. पाच क्विंटलवाल्याच्या घरी पोरगी कोन देते? बारा सांगत आलो गावभर, मंग रस्ताभर बी बाराच सांगतले. खाली पराटीच्या काड्या घातल्या, त्या अजून बंडीतच हायेत, अन् वर कापूस फुगवला, अन् झाली बंडी भरल्यासारखी.” त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. “वावरात काही उरलं नाही बाप्पा. हा पोट्टा माहा हाय. सकायी तुमी इचारलं तवा म्या नाही म्हनलं. तेवढं एकच आज खोटं बोललो असतो तं चाललं असतं, पन दोन खोटं सहन होत नाही मानसाले. त्याचं मशीन बरोबर हाय.”

अमोलच्या डोळ्यांत पाणी आलं. शफीभाई दुसरीकडे पाहू लागला. दिवाणजींनी नाक शिंकरलं. शेठजींनी काखेतला शेला काढून, झटकून पंजाबरावांच्या खांद्यावर घातला, टोपी घातली, नारळ हातात दिला. “इमानदार काटा आहे,” ते म्हणाले. “अमोल, तू कायम. भोंगा रोज चालू राहील. असाच, मोठ्याने. पुढची बंडी घ्या!”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढची बंडी पुंजारामची होती. ती जागची हलली नाही. पुंजारामने दगड कुठे ठेवावा हे न सुचून तो खिशात घातला आणि खिडकीशी येऊन अगदी हळू विचारलं, “बाबू, हे जराशीक बंद ठेवता येते का?”

“सकायपासून तं चालू करा, चालू करा म्हनत होते.”

“म्हनत होतो. पन थो भोंगा... माहा जावई हाय मागं लाइनीत, शेजारच्या गावचा.”

“भोंगा बंद होणार नाही,” शेठजी मागून गरजले. “दिवसभर डिझेल जाळलंय मी.”

“नाही नाही, चालू राहू द्या,” पुंजाराम घाईने म्हणाला. “बैल तहानले हायेत, पानी पाजून येतो.” तो बंडी वळवून फाटकाबाहेर गेला. अकरा क्विंटलवाल्याच्या बैलांनाही तहान लागली. साडेतेरावाल्याला घरचं काहीतरी आठवलं. बंड्या एकेक करून वळू लागल्या. चाकांचा तेवढा आवाज होत होता. पाणी पाजायचा हौद आवारातच होता, आणि त्याच्याजवळून सगळे न थांबता गेले.

साडेचारला आवार रिकामं झालं. गंजीच्या जागी पाच क्विंटल चाळीस किलो कापसाचा लहानसा ढीग होता आणि त्याच्या शेजारी शेला पांघरलेले पंजाबराव नारळ मांडीवर घेऊन बसले होते. शेठजी मधेच बँकेचा फोन आला म्हणून आत गेले होते. ते बाहेर आले आणि रस्त्यापर्यंत पाहत राहिले.

“काय झालं रे?” त्यांनी विचारलं. “कुठे गेले सगळे?”

अमोल दारात उभा होता. त्याच्यामागे कम्प्युटर, काटा, भोंगा, जनरेटर, सगळं एकही चूक न करता चाललं होतं.

“काही नाही शेठजी,” तो म्हणाला. “सिस्टिम चालू झाली.”